मुक्त विद्यालयातून दहावी: आमचा अनुभव

नववीच्या मध्यावर शाळेनं सांगितलं, "याचं दहावीला काही खरं नाही, तुम्ही दुसरीकडं बघा." माझा मुलगा तोंडी सगळं धडाधड सांगायचा, पण पेपरात 'क्षमता' हा एकच शब्द तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी लिहायचा. सरकारी दवाखान्यातल्या तपासणीत अध्ययन अक्षमता निघाली. दिव्यांग हक्कांच्या 2016 च्या कायद्यातल्या 21 प्रकारांत ती धरलेली आहे. म्हणजे जादा वेळ, लेखनिक (तो सांगेल ते पेपरात लिहिणारा) हे सगळं त्याच्या हक्काचं. इतक्या वर्षांत हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं!

मग एनआयओएसचा, म्हणजे केंद्राच्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचा, ऑनलाइन फॉर्म भरला. दहावीला वयाची 14 वर्षं पूर्ण लागतात आणि माध्यम मराठी घेता येतं. मला सगळ्यात मोठा दिलासा वाटला तो एका नियमाचा: प्रवेश पाच वर्षं चालतो, त्यात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात आणि सुटलेला, म्हणजे पास झालेला, विषय सुटलेलाच राहतो. पाचही विषय एकदम द्यायची सक्ती नाही.

विषय निवडताना आम्ही बराच खल केला. भाषा किमान एक पुरते, म्हणून मराठी ठेवली. इंग्रजी पुढं जादा विषय म्हणून घेता येईल. त्याला इथल्या, कोल्हापुरातल्या कळंब्याच्या आयटीआयला जायचंय, तेव्हा गणित आणि विज्ञान हवंच. शिवाय चित्रकला आणि डेटा एंट्री.

अभ्यासाची खरी गाडी रुळावर आली ती उद्यमनगरात, माझ्या भावाच्या मशीन शॉपमध्ये. मशीनला हात लावायचा नाही, ही माझी अट. दुपारी तिथं बसून तो तयार जॉबची, म्हणजे मशीनवर घडवलेल्या भागांची, मापं व्हर्निअरनं (बारीक मापाच्या पट्टीनं) घ्यायचा आणि वहीत मांडायचा. दशांश अपूर्णांक त्याच्या डोक्यात बसले ते तिथंच. एकदा मामालाच म्हणाला, "हा पाव मिलिमीटर जादा आहे." मामानं परत मोजलं, तर तो बरोबर होता.

सोबत्यांची उणीव मात्र भासते. सकाळी गल्लीतली पोरं दप्तर घेऊन निघाली की हा खिडकीपासून हलत नसे. म्हणून मुक्त विद्यालय ही शाळांना हात झटकायची सोय होता कामा नये, असं मला मनापासून वाटतं. शाहू महाराजांनी 1917 मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. त्या कोल्हापुरात कुठल्याच पोराला "दुसरीकडं बघा" ऐकावं लागू नये.

गणित, चित्रकला आणि डेटा एंट्री सुटलेत. मराठी आणि विज्ञान ऑक्टोबरच्या परीक्षेला देणार आहे. लेखनिक म्हणून आठवीतला मावसभाऊ बसणार. दोघं रोज संध्याकाळी सराव करतात, कारण सांगणाऱ्याला थांबत थांबत, स्वल्पविरामासकट सांगायची सवय लागते. तुम्ही फॉर्म भरणार असाल तर दिव्यांग प्रमाणपत्र आधी काढून ठेवा आणि लेखनिकाचा अर्ज परीक्षेच्या बराच आधी द्या.