टोरॉइड आधी, अँटेना शेवटी

40 मीटर बँडचा (7 मेगाहर्ट्झचा) कमी पॉवरचा सीडब्ल्यू, म्हणजे मोर्स संकेत पाठवणारा-घेणारा हॅम रेडिओ किट जोडताना रेझिस्टर, कपॅसिटर भराभर बसतात. खरा वेळ द्यावा तो लो-पास फिल्टरच्या (ठरावीक फ्रीक्वेन्सीच्या वरचं अडवणाऱ्या भागाच्या) तीन टोरॉइडना, म्हणजे तार गुंडाळायच्या चुंबकीय रिंगांना. किट रुसतो तो बहुतेक वेळा इथेच.

पिवळ्या टी 37-6 रिंगवर नेहमीचे वेढे 21, 24, 21. तार भोकातून एकदा गेली की एक वेढा. बाहेरून मोजलं तर एक कमी भरतो. हाताशी लाल टी 37-2 असेल तर तेवढेच वेढे घेऊ नका. इंडक्टन्स (प्रवाहातल्या बदलाला अडवण्याची कॉइलची क्षमता) तिसऱ्या हिश्श्याने वाढतो, फिल्टर 7 मेगाहर्ट्झपाशीच अडवायला लागतो आणि पॉवर पडते. लालवर 19, 21, 19 घ्या.

तारेसाठी मुंबईहून काही मागवायला नको. सांगलीत विहिरीच्या मोटारी भरून देणाऱ्या दुकानात 28 गेजची तार सुटी मिळते, सव्वा मीटर पुरते. फक्त या तारेवरचं इनॅमल मोटारीची उष्णता सोसायला केलेलं असतं, सोल्डरिंग गनच्या टोकाने ते जळत नाही. वरून सोल्डरचा चकचकीत थेंब बसतो, आत तार कोरडीच. ब्लेडने चारही बाजूंनी खरवडा, गुलाबी तांबं दिसलं की कथील चढवा, मगच बोर्डात घाला. नंतर दोन्ही पॅडवर मीटर लावा. एक ओमच्या आतच दिसायला हवं.

पहिल्यांदा 12 व्होल्ट देताना मोटरसायकलच्या इंडिकेटरचा 10 वॅटचा बल्ब सिरीजमध्ये ठेवा. रिसीव्हवर तो लख्ख पेटला तर कुठेतरी शॉर्ट आहे. ट्रान्समिटच्या चाचणीआधी तो काढा.

डमी लोडला, म्हणजे चाचणीपुरता अँटेनाच्या जागी लावायच्या रोधाला, 1 किलोओमचे, 1 वॅटचे 20 मेटल फिल्म रेझिस्टर पॅरलल जोडा: बरोबर 50 ओम. वायरवाउंड चालत नाहीत, ते स्वतःच कॉइल असतात. लोडवरून 1एन4148 डायोड, पुढे 0.01 मायक्रोफॅरड कपॅसिटर ग्राउंडला, त्यावर डीसी मीटर. मीटरच्या आकड्यात डायोडवर पडणारे 0.6 व्होल्ट मिळवा, वर्ग करा, 100 ने भागा. 16.7 व्होल्ट म्हणजे 3 वॅट. मोर्सची की (संकेत देण्याचं बटण) तीन-चार सेकंदच दाबा. लोडशिवाय तर कधीच नाही, फायनल (शेवटचे, पॉवर देणारे) ट्रान्झिस्टर जातात.

वॅटचा आकडा कमी आला तर वेढे रिंगवर थोडे पसरा, इंडक्टन्स उतरतो. जवळ सारले की चढतो. अर्ध्या मिलिमीटरनेही फरक कळतो.

हॅम रेडिओचा परवाना हातात असेल तरच अँटेनावर या. 7.030 मेगाहर्ट्झला डायपोलची (मधोमध जोडलेल्या दोन सरळ तारांच्या अँटेनाची) एक बाजू साधारण 10.17 मीटर. कापताना 10.4 ठेवा, जास्तीची तार मागे दुमडता येते.