ओल, हादरा आणि एक आकडा: एनएएलमधला माझा प्रकल्प

एम.टेक.चा प्रकल्प बाहेरच्या संस्थेत करायचा असेल तर आधी तिथला शास्त्रज्ञ गाठावा, अर्जाचं नंतर बघावं, हे आमच्या कॉलेजच्या सरांनी पहिल्याच बैठकीत सांगून टाकलं होतं. त्याप्रमाणे मी बंगळूरच्या नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीजमधल्या, म्हणजे एनएएलमधल्या, कंपोझिटवर (कार्बनच्या धाग्यांचे थर रेझिनने, म्हणजे चिकट राळेसारख्या द्रव्याने, जोडून केलेल्या साहित्यावर) काम करणाऱ्यांचे शोधनिबंध वाचले आणि त्यातल्या एकांना थेट मेल टाकली. उत्तर तीन ओळींचं होतं. विषय चालेल, जागा आहे, पण नमुने ओले व्हायला महिने लागतात, तेवढं थांबायची तयारी आहे का? पुढे शिफारसपत्र, गुणपत्रिका, फोटो, सह्या, पुन्हा सह्या. सरकारी कामाला लागतो तेवढा वेळ लागला आणि गेटपास हातात आला.

संस्था केंद्र सरकारच्या सीएसआयआरची, म्हणजे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेची. १ जून १९५९ला दिल्लीत सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी बंगळूरला आली. सुरुवातीला जयमहाल रोडवर म्हैसूरच्या महाराजांच्या पॅलेसच्या तबेल्यात ऑफिस होतं, ही गोष्ट तिथे नव्या माणसाला हमखास ऐकवतात. बाहेरच्यांना एनएएल माहीत असते ती विमानांमुळे: २९ मे २००४ला पहिल्यांदा उडालेलं ‘सारस’, किंवा ‘हंसा’ हे दोन आसनी शिकाऊ विमान. हंसा-३ला डीजीसीएचं प्रमाणपत्र २००० साली मिळालं, आणि नवीन हंसा-एनजी ३ सप्टेंबर २०२१ला उडालं. धावपट्टीवर किती लांबचं दिसतंय हे मोजणारं ‘दृष्टी’ यंत्रही इथलंच. पण उडणाऱ्या एका विमानामागे तळहातापेक्षा जरा मोठ्या तुकड्यांचे ढीग फोडलेले असतात, त्याबद्दल कोणी विचारत नाही. माझं काम त्या ढिगातलं.

प्रश्न तसा साधा. हँगरमध्ये मेकॅनिकच्या हातून पाना पंखावर पडला. पत्रा असेल तर पोचा येतो, दिसतो, दुरुस्त होतो. कार्बन-इपॉक्सीचा (इपॉक्सी हे थर जोडणारं रेझिन) पंख असेल तर वरून जेमतेम एक ठिपका दिसतो, पण आत थर एकमेकांपासून सुटलेले असतात. बरं, इपॉक्सी हवेतली ओलही पिते, अख्ख्या तुकड्याच्या वजनाच्या साधारण एक ते दीड टक्का. ओल प्यायलेलं इपॉक्सी उन्हात लवकर मऊ पडतं. मी चिपळूणची, पावसाळ्यात कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्याला बुरशी येते तिथली. त्यामुळे ‘ओल लागते’ हे मला पटवून द्यावं लागलं नाही. तर असा मार खाल्लेला, भिजलेला, तापलेला तुकडा दाबला तर किती सोसतो, एवढंच मोजायचं.

सुरुवात फ्रीझरपासून. प्रीप्रेग, म्हणजे आधीच रेझिन लावलेलं कार्बनचं कापड, उणे १८ अंशांत ठेवतात. बाहेर काढलं की बंद पिशवीतच खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचं. घाईने पिशवी उघडली तर फ्रीजमधून काढलेल्या बाटलीसारखं त्यावर पाणी जमतं आणि सगळा रोल संशयास्पद होतो. शिवाय तो बाहेर किती तास राहिला याची वहीत नोंद. तिथल्या तंत्रज्ञांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, “मॅडम, कापडापेक्षा ही वही जपा. कापड दुसरं मिळेल.”

मग लेअप, म्हणजे थरावर थर रचणं: २४ थर, एक पंचेचाळीस अंशात, एक सरळ, एक उलट पंचेचाळीस, एक आडवा, आणि मध्यापासून पुढे हाच क्रम आरशात बघावा तसा उलटा. प्रत्येक थराचा पाठकागद काढला की मोजून बाजूला ठेवायचा. थर २४ आणि कागद २३ असतील तर एक कागद आत राहिलाय. कंटाळवाणं काम आहे, पण माझ्या मते या क्षेत्रात कोण टिकणार ते इथेच कळतं. वर व्हॅक्युम बॅग, ऑटोक्लेव्हमध्ये उष्णता आणि दाब, बाहेर आली ४.८ मिलिमीटर जाडीची पाटी. अल्ट्रासाउंडने सी-स्कॅन करून आत पोकळ्या नाहीत याची खात्री केली आणि डायमंड कटरने १५० बाय १०० मिलिमीटरचे तुकडे पाडले.

आता ठोकणं. अर्धगोल टोकाचं, साडेपाच किलोचं वजन साधारण ६० सेंटिमीटरवरून सोडायचं. जाडीच्या दर मिलिमीटरला ६.७ जूल हा प्रमाणित हिशेब, म्हणजे माझ्या तुकड्याला ३२ जूल. उसळलेलं वजन दुसऱ्यांदा आदळता कामा नये, म्हणून ते वरच्या वर अडवतात. पहिला तुकडा हातात घेतला तर वर बोटाच्या नखाला जाणवेल न जाणवेल असा खळगा. त्याचाच सी-स्कॅन पाहिला: मधोमध भलामोठा गोल डाग, खळग्याच्या कितीतरी पट. प्रकल्पाचं सगळं प्रयोजन मला त्या एका चित्रात कळलं.

त्यानंतरचे दिवस वजनकाट्यापाशी गेले. तुकडे आधी वाळवून कोरडं वजन घेतलं, मग ७० अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेच्या पेटीत. ठरल्या वारी बाहेर काढायचे, पुसायचे, मिलिग्रॅममध्ये वजन, परत आत. आलेख आधी भराभर चढतो, मग कासवगतीने. दोन वजनांतला फरक नगण्य होईपर्यंत तुकडा ‘भरला’ म्हणता येत नाही आणि या टप्प्याची घाई कोणालाच करता येत नाही. तापमान वाढवलं तर ओल लवकर शिरते खरी, पण रेझिनच बिघडू लागतं, मग मोजलं ते काय मोजलं? सोबतचे विद्यार्थी विंड टनेलमधले फोटो पाठवायचे, मी वजनांचे तक्ते. घरी आई विचारायची, “अजून वजनच करतेस?”

दाबण्याची चाचणी मात्र पटापट उरकते. दोन्ही बाजूंना स्ट्रेन गेज, म्हणजे तुकडा किती दबला ते मोजणाऱ्या पट्ट्या, चिकटवलेल्या. तुकडा वाकतोय की सरळ दबतोय ते त्यावरून समजतं. वाकत असेल तर थांबून फिक्स्चर, म्हणजे तुकडा धरणारी चौकट, पुन्हा बसवायचं. ओले तुकडे ८२ अंशांला, आणि तापल्यावर फार रेंगाळायचं नाही, नाहीतर महिनोन्‌महिने भरलेली ओल तिथेच उडून जाते. शेवटी फटाका फुटावा तसा आवाज होतो आणि खळग्यातून आरपार आडवी चीर जाते. चीर दुसरीकडूनच गेली तर तो आकडा धरत नाहीत.

न ठोकलेल्या कोरड्या तुकड्याच्या तुलनेत ठोकलेल्याची ताकद निम्म्याच्या आसपास आली, आणि ओल व उष्णतेने आणखी उतरली. पण माझा सरासरी आकडा डिझायनरच्या कामाचा नाही. त्याला लागतो बी-बेसिस: ९० टक्के नमुने ज्याच्या वर असतील असं ९५ टक्के खात्रीने सांगता येईल, तो आकडा. त्यासाठी वेगवेगळ्या बॅचचं प्रीप्रेग लागतं, आणि नमुने कमी असले की गणित तुम्हाला अजून खालचा आकडा देऊन शिक्षा करतं. माझ्याकडे एकच बॅच होती, त्यामुळे अहवालात ‘बी-बेसिस’ हा शब्द वापरू नकोस, असं गाइडनी बजावलं. व्हायव्हात परीक्षकांनी नेमकं तेच विचारलं.

कोणी जाणार असेल तर एवढंच सांगते: पाचेक मिलिमीटर जाडीच्या तुकड्यांवर ओलाव्याचा विषय घेणार असाल तर तिसऱ्या सत्रातच तुकडे पेटीत गेले पाहिजेत, आणि पेटी आधीच कोणी अडवून ठेवली नाही ना, हे मेलवर विचारून घ्या.