एल्कला साद घालताना

माझा आतेभाऊ गेली बरीच वर्षे कोलोरॅडोत राहतो आणि सप्टेंबर लागला की धनुष्य घेऊन एल्क या तिकडच्या मोठ्या हरणाच्या मागावर डोंगरात जातो. यंदा त्याच्यासाठी साद घालण्याचे, म्हणजे एल्कच्या आवाजाची नक्कल करून त्याला जवळ बोलावण्याचे काम माझ्याकडे आले आहे, त्यामुळे उन्हाळ्यापासून मी नागपुरात बसून एल्कचे आवाज शिकतो आहे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकार बंद आहे आणि ती तशीच बंद राहावी असे मलाही मनापासून वाटते. तेव्हा हे शिकायचे कशाला, असा प्रश्न आईने विचारलाच. तिकडे हंगाम, परवाने आणि किती जनावरे मारता येतील हे राज्याचे वन्यजीव खाते ठरवून देते, आणि दादाच्या घरी वर्षभर तेच मांस शिजते. धनुष्याने शिकार करायची तर जनावर तीस-पस्तीस मीटरच्या आत यावे लागते. त्याहून लांबून बाण सोडला तर जनावर जखमी होऊन रानात हरवण्याची भीती असते. त्याला जवळ आणणारी साद म्हणूनच मला नेमाइतकीच मोलाची वाटते.

बहुतेक नवशिके आधी नराची आरोळी शिकायला घेतात. ती आहेच तशी मोहात पाडणारी. खालच्या पट्टीतून सुरू होऊन उंच शिळेपर्यंत चढणारा तो स्वर शेवटी तुटक हुंकारांत संपतो. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की नर एल्क एकाच वेळी दोन आवाज काढतो, एक सुमारे १५० हर्ट्झचा घोगरा आणि दुसरा ४,००० हर्ट्झपर्यंत जाणारा शिळेसारखा. माणसाला शीळ साधते, पण तिच्याखालचा घोगरा आवाज गळ्यातून काढून लांब पन्हाळीदार नळीत घुमवावा लागतो, आणि त्याला वेळ लागतो. माझे मत असे की सुरुवात मादीच्या आवाजापासूनच करावी. एल्कची मादी एका वेळी जेमतेम दिवसभरही माजावर राहत नाही आणि गाभण राहिली नाही तर साधारण तीन आठवड्यांनी पुन्हा माजावर येते. त्यामुळे कळप राखणारा नर दुसऱ्या नराची आरोळी ऐकली की पुष्कळदा आपल्या माद्या हाकत दूर निघून जातो. एकट्या मादीचा आवाज मात्र त्याला सोडवत नाही.

हा आवाज ज्याने काढायचा तो डायफ्राम म्हणजे घोड्याच्या नालेच्या आकाराची छोटी चौकट, तिच्यावर ताणलेला लॅटेक्सचा पातळ पडदा आणि कडेने टाळूला चिकटून बसणारी मऊ पट्टी. तो टाळूला लावून जिभेचा मधला भाग हळूच वर दाबायचा, छातीतून नव्हे तर पोटातून हवा सोडायची आणि आवाज उंचावर लागला की जबडा सैल करत तो खाली घसरू द्यायचा. जीभ जरा जास्त दाबली गेली की आवाज चिरकतो, कमी दाबली की नुसती हवा फुसफुसते. सुरुवातीला तोंडात लाळ सुटते आणि घशाशी येते, तेव्हा आवाज न काढता तो नुसता तोंडात ठेवून घरातली कामे करावीत. नागपूरच्या मे महिन्यातल्या उन्हात लॅटेक्स लवकर खराब होते. मी डायफ्राम धुऊन सुकवतो, पडद्याचे थर एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्ये दातकोरणी सरकवतो आणि डबीत घालून फ्रिजमध्ये ठेवतो.

सराव गाडीत करतो. अमरावती रोडला शहराबाहेर गाडी बाजूला लावायची, काचा वर घ्यायच्या आणि फोनवर आवाज टिपून दादाला पाठवायचा. त्याचे उत्तर बहुधा एका ओळीचे असते : "आवाज बरा आहे, पण तू फार बोलतोस."

त्याचे म्हणणे मला पेंचच्या जंगलात नीट उमगले. उन्हाळ्यात तिथे चितळांचा माज भरात असतो. सिल्लारी गेटमधून आत गेल्यावर सकाळच्या पहिल्या तासात नरांच्या भसाड्या आरोळ्या ऐकू येतात, आणि त्यांच्यातले अंतर कधीच सारखे नसते. एक नर लागोपाठ ओरडतो आणि मग इतका वेळ गप्प राहतो की तो निघून गेला असे वाटावे. प्रत्यक्षात तो तिथेच मान उचलून ऐकत उभा असतो. मध्येच सांबराचा कॉल, म्हणजे धोक्याचा इशारा, आला की सगळे थांबते. एल्कही धोक्याची शंका आली की असाच तुटक भुंकतो, आणि ते भुंकणे ओळखता येणे साद घालणाऱ्याला फार गरजेचे आहे. पेंचमध्ये मी तोंडातून चकार शब्द काढत नाही. आपल्या करमणुकीसाठी माजावरच्या जनावराला फसवणे मला अजिबात पटत नाही.

खरी मेख मात्र आवाजापेक्षा जागेत आहे. सादेच्या दिशेने आलेला नर साठ-सत्तर मीटरवर, जिथून मादी दिसायला हवी अशा ठिकाणी थबकतो. मादी दिसली नाही तर पुढे येत नाही, किंवा वळसा घालून वाऱ्याच्या खालच्या अंगाने वास घ्यायला जातो. म्हणून धनुर्धारी पुढे असतो आणि साद घालणारा त्याच्या मागे तीस ते पन्नास मीटरवर, मध्ये झाडी किंवा उंचवटा ठेवून. नर जिथे थबकेल तिथे तो दादाच्या टप्प्यात असावा, हा सगळा हिशेब. नर वळसा घालू लागला तर मला उलट बाजूला सरकून साद घालायची आहे, म्हणजे त्याची वाट दादाच्या समोरून जाईल. डोंगरात पहाटे थंड हवा उताराने खाली वाहते आणि ऊन तापले की वर चढते. ही पालटण्याची वेळ सांभाळली नाही तर उत्तम साद वाया जाते, कारण माणसाचा वास आला की एल्क दुसरा विचार करत नाही. दादा धनुष्याची दोरी ओढणार तो नराचे डोके झाडामागे गेल्यावरच. त्या वेळी मी पूर्ण गप्प राहायचे, आणि नर चालतच राहिला तर त्याला थांबवणारा हलका आवाज दादाच काढणार, असे आमचे ठरले आहे.

आता नराच्या आव्हानाच्या आरोळीचा सराव सुरू केला आहे. ती वापरायची वेळ आली तरी ती तरण्या नराचीच वाटावी, असे दादाचे सांगणे आहे. मोठ्या नराची आरोळी ऐकून बरेच नर लांब जातात, आणि तरण्याला हाकलायला मात्र ते पुढे येतात. तेव्हा शेवटचे हुंकार मी सध्या गाळतो आहे आणि शीळ बारीक, आखूड ठेवतो आहे.