त्या सकाळी मी रेकॉर्डी का धूत होते

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. एरवी लग्नात, एसटीत, अगदी तेराव्यालासुद्धा मला हे विचारलं जातं आणि मी हसून सोडून देते: निसर्ग वादळाच्या दुसऱ्या दिवशी अख्खी पोफळींची वाडी आडवी पडलेली असताना तू म्हणे रेकॉर्डी धूत बसली होतीस?

हो, बसले होते.

३ जून २०२० ला श्रीवर्धनात काय झालं ते पाखाडीतल्यांना मी काय सांगू? आमच्या माजघरावरची कौलं गेली आणि पाणी थेट वडिलांच्या रेकॉर्डींच्या पेटीत. वडील बोटीवर नोकरीला होते. बंदरा-बंदरातून आणलेल्या त्यांच्या जॅझच्या रेकॉर्डी मी सासरी आणल्या, तेव्हापासूनच त्या डोळ्यांवर आल्यात.

आधी व्यवहाराचं. पाण्याने रेकॉर्डचं काही बिघडत नाही, बिघडतो तो कागद. जूनच्या दमटात ओल्या कव्हराला बुरशी धरायला वेळ लागत नाही, आतली पिशवी तबकडीला चिकटली की खाचांतून निघता निघत नाही. म्हणजे जे करायचं ते तेव्हाच. उन्मळलेली पोफळ काय मी उभी करणार होते? हे मी बऱ्याच जणांना ऐकवलंय, जरा चढ्या आवाजातच.

पण त्या सकाळी यातलं काहीच माझ्या डोक्यात नव्हतं. मला मागच्या दारी जायचं नव्हतं, आणि पुढच्या पडवीतून वाडी दिसत नाही. परातीत पाणी, भांड्यांच्या साबणाचा थेंब, जुन्या धोतराचा मऊ तुकडा. मधलं लेबल भिजू नये म्हणून तबकडी कडांनी धरायची आणि खाचांच्या दिशेने गोल पुसत जायचं. वाळवायला कोरडी जागा नव्हती, म्हणून ताटं काढून ताटाळ्यात ओळीने लावल्या. सासूबाई म्हणाल्या, "अगो, आता वाढू कशात?" तेवढ्यात मोठे दीर आले, हातात कोयता, गुडघ्यापर्यंत चिखल. ताटाळ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता परत वाडीत गेले. रोठा सुपारीच्या त्या पोफळी त्यांच्या हातच्या होत्या. एक शब्द बोलले असते तर मी भांडले असते. अजून त्यांनी तो विषय काढलेला नाही, त्यामुळे माझी बाजू मांडायची राहूनच गेली.

आता त्यातल्या एका रेकॉर्डविषयी. बिल एव्हान्सच्या पियानोची, न्यूयॉर्कमधल्या व्हिलेज व्हॅनगार्ड या तळघरातल्या क्लबात २५ जून १९६१ च्या रविवारी मुद्रित झालेली. ड्रम्सवर पॉल मोशन, डबल बेसवर स्कॉट लाफारो. दिवसभरात पाच बैठका. पहिल्याच रचनेत वीज गेली आणि मुद्रण तुटलं. हे कळलं तेव्हा ती मंडळी मला एकदम आपल्यातली वाटली. अकरा दिवसांनी, ६ जुलैला, लाफारो मोटार अपघातात गेला. वय २५. मग त्याचा बेस पुढे यावा अशा बेताने रेकॉर्ड जुळवली. सुरुवात त्याच्या रचनेने, शेवटही त्याच्याच.

आणि तो वाजवत असताना मागे ग्लास किणकिणतात, माणसं खुशाल गप्पा मारतात. मला त्यांचा पहिल्यापासून राग. वादळानंतर मी शहाण्यासारखं म्हणायला लागले, त्यांना काय ठाऊक होतं? सूचना येऊनही २ जूनला आपण आंब्यांचे हिशेब करत होतोच की. म्हणायला बरं वाटतं. कित्येक आठवड्यांनी वीज आली, रेकॉर्ड लावली, आणि रागच आला. अजून येतो.

"मोबाइलवर मिळतं की सगळं!" मिळतं, ऐकतेही. रेकॉर्डचा आवाज कसा भरीव असतो यावर मी पूर्वी व्याख्यान द्यायचे. आता माझी ही प्रत दुसऱ्या बाजूला तळणीसारखी तडतडते, त्यामुळे ते बंद केलंय. मग ठेवलीस कशाला, म्हणाल तर वडिलांची आहे म्हणून, असं सांगून मोकळी होते. ते पुरतं खरं नाही, पण तेवढ्यावर लोक गप्प बसतात.

पुढे वाडीत नवी रोपं लावली. दिरांच्या बरोबरीने मीही खड्डे खणले. ते मात्र कुणी विचारत नाही.