बेरिंबाउ सराव: गुंगाचा ठेका आता टिकतोय

बेरिंबाउ म्हणजे कापोएरा या ब्राझिली लढाऊ नृत्यखेळात वाजणारं एका तारेचं धनुष्यवाद्य. ते धरताना होणाऱ्या करंगळीच्या दुखण्याबद्दल मागच्या नोंदीत लिहिलं होतं. आता ती बरीच सरावली आहे. भोपळ्याच्या दोरीखाली अडकवलेल्या त्या एका बोटावर सगळं धनुष्य तोलायचं, अंगठा आणि तर्जनीत दगड धरायचा, उजव्या हातात काठी आणि कशिशीचा खुळखुळा. हे अंगवळणी पडेपर्यंत ठेक्याकडे लक्षच जात नाही.

सध्या सगळा वेळ अंगोला नावाच्या ठेक्याला देतोय. दगड तारेला नुसता टेकवून दोनदा 'छि छि', मग मोकळ्या तारेचा 'दों', मग दगड घट्ट दाबून 'दिं'. त्यानंतरच्या रिकाम्या जागेत फक्त कशिशी. 'छि' सगळ्यात अवघड. दगड जरा जास्त टेकला की 'दिं' निघतो आणि कमी टेकला की तार मोकळी गुंजते. 'दों'ला भोपळा पोटापासून थोडा दूर नेला की नाद खुलतो, पोटाशी आणला की दबतो.

'दों' आणि 'दिं'ची अदलाबदल केली की झाला साँव बेंतु पेकेनु हा ठेका. कापोएरा अंगोला या शैलीत तीन बेरिंबाउ असतात. त्यातला खर्जातला गुंगा अंगोलाचा ठेका धरतो, तेव्हा मधला मेदिओ बहुधा हाच उलटा ठेका वाजवत असतो आणि उंच स्वराची व्हियोला दोघांवरून मनमोकळी फिरते. शेजारून मेदिओ सुरू झाला की माझा कान तिकडे ओढला जायचा. भोपळ्याच्या हालचालीवर लक्ष ठेवायला लागल्यापासून ठेका जागचा हलत नाही. कोणी याच टप्प्यावर अडकलं असेल तर जरूर करून बघा.

आमच्याकडे बरेच जण लगेच साँव बेंतु ग्रांजी या वेगवान ठेक्याकडे वळतात. माझं मत स्पष्ट आहे: आधी संथ अंगोला पक्का करा. गुंगा वाजवणाऱ्याच्या हाती अख्खं रिंगण असतं. तो खेळ सुरू करतो, लय चढवतो-उतरवतो आणि खेळाडूंना बेरिंबाउच्या पायथ्याशी परत बोलावतो.

मेस्त्रे (म्हणजे गुरू) पास्तिन्या यांनी 1941 मध्ये ब्राझीलमधल्या साल्वादोरला कापोएरा अंगोलाची शाळा काढली. त्या परंपरेत तीन बेरिंबाउंबरोबर पांदेइरो (खंजिरीसारखं), आताबाके (उंच ढोल), आगोगो (जोडघंटा) आणि रेको-रेको (खाचांवर घासून वाजवायचं) असा भरगच्च संच असतो. मेस्त्रे बिंबा यांनी मात्र आपल्या रेजिओनाल शैलीसाठी एक बेरिंबाउ आणि दोन पांदेइरो एवढंच ठेवलं. कावालारियाचा ठेकाही ऐकतोय. 1890 च्या ब्राझिली दंडसंहितेने कापोएराला गुन्हा ठरवलं होतं. घोडेस्वार पोलीस आले की सावध करायला हा ठेका वाजायचा, असं जुने लोक सांगत आलेत. त्यातली टापांची चाल ऐकून अंगावर काटा येतो.

वाद्याचं म्हणाल तर तार बदलली. जुन्या टायरच्या कडेतून काढलेली पोलादी तार, पॉलिश पेपरने घासून रबर साफ केलं. वाजवून झालं की तार उतरवून ठेवतो, नाहीतर लाकडाचा ताण जातो.

आता वाजवता वाजवता लादाइन्या, म्हणजे खेळाआधी एकट्याने गायचं गाणं, म्हणायची आहे. त्या वेळी दोन्ही खेळाडू समोर उकिडवे बसून ऐकत असतात, त्यामुळे गाताना हात जराही अडखळून चालत नाही. पहिल्या दोन ओळी जमतात, तिसरीला 'छि' गायब होतो.