ठिणगी सापडलीच नाही: अपोलो १ च्या आगीनंतर यान पुन्हा कसं तयार झालं

अपोलो १ हे नासाच्या चांद्रमोहिमेतलं यान. १९६७ मध्ये जमिनीवरच्या चाचणीत त्याला आग लागली आणि आतले तिन्ही अंतराळवीर गेले. ही आग कशामुळे लागली, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. त्याचं नेमकं उत्तर आजतागायत मिळालेलं नाही. चौकशी समितीने जागा सांगितली: केबिनच्या डाव्या बाजूला, खाली, हवा शुद्ध करणाऱ्या यंत्रणेजवळ. तिथे लिथियम हायड्रॉक्साइडच्या (उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड शोषणाऱ्या रसायनाच्या) डब्यांसाठी दारासारखी एक छोटी झडप होती. ती झडप उघडताना-मिटताना तिची कड शेजारच्या वायरींना घासत असे. टेफ्लॉनचं आवरण सोललं गेलं असावं आणि आतली चांदीचा मुलामा दिलेली तांब्याची तार उघडी पडली असावी, असा कयास होता. त्याच भागात थंडाव्यासाठी पाणी आणि ग्लायकोल नेणाऱ्या नळ्यांचे जोड होते आणि ते गळण्याचा इतिहास होता. ग्लायकोलचं द्रावण आणि वीज वाहणारी चांदी एकत्र आली की जोरदार रासायनिक क्रिया होते, शुद्ध ऑक्सिजनमध्ये ती पेटही घेते, हे पुढे प्रयोगांतून दिसलं. पण ‘हीच वायर, हीच ठिणगी’ असं कोणालाच ठामपणे म्हणता आलं नाही.

यान पुन्हा उडवायची तयारी मला इथेच खरी अवघड वाटते. दोषी भाग सापडला असता तर तो बदलून पुढे जाता आलं असतं. तो सापडला नाही, म्हणून अभियंत्यांना असं धरून चालावं लागलं की ठिणगी पुन्हा कधीतरी पडणारच. मग ती पडल्यावर पेटायला काही मिळू नये, पेटलंच तर पसरू नये, आणि पसरलंच तर माणसांना बाहेर पडता यावं.

आधी आग समजून घेऊ. २७ जानेवारी १९६७, फ्लोरिडातला लाँच पॅड ३४. गस ग्रिसम, एड व्हाइट आणि रॉजर चॅफी उड्डाणाआधीच्या चाचणीसाठी यान क्रमांक ०१२ मध्ये, म्हणजे अपोलो १ मध्ये, बसले होते. रॉकेटमध्ये इंधन नव्हतं, त्यामुळे ही चाचणी धोकादायक गणलीच गेली नव्हती आणि अग्निशमनाची तुकडी जवळ उभी नव्हती. केबिनमध्ये शुद्ध ऑक्सिजन भरला होता, तोही १६.७ पीएसआय दाबाने, म्हणजे दर चौरस इंचावर १६.७ पौंड. समुद्रसपाटीला हवेचा एकूण दाब १४.७ असतो आणि त्यात ऑक्सिजनचा वाटा साधारण ३.१. म्हणजे त्या केबिनमध्ये रोजच्या हवेच्या पाचपटीहून जास्त ऑक्सिजन होता. अशा वातावरणात नायलॉनची जाळी, फोम, वेल्क्रो या रोजच्या वस्तू सरपणासारख्या पेटतात. एकट्या वेल्क्रोचं क्षेत्रफळच सुमारे ३४ चौरस फूट होतं. संध्याकाळी ६:३१ वाजता आगीची हाक ऐकू आली आणि पंधराएक सेकंदांत आतल्या दाबाने केबिनची भिंत फाटली.

अपोलोआधीच्या मर्क्युरी आणि जेमिनी यानांतही जमिनीवर शुद्ध ऑक्सिजनच भरला जाई आणि काही झालं नव्हतं. त्या ‘काही झालं नव्हतं’वर सगळ्यांनी विश्वास टाकला. याचं मला आजही वाईट वाटतं, कारण ऑक्सिजनमध्ये वस्तू कशा पेटतात हे तेव्हा अज्ञात नव्हतं.

चौकशीसाठी जळलेलं यान उलगडायचं होतं, पण आत पाय ठेवला की पुरावा तुडवला जाणार. म्हणून केबिनमध्ये पारदर्शक प्लॅस्टिकची खोटी फरशी टांगली. तिचे चौकोन सुटे काढता येत, म्हणजे तंत्रज्ञ खालच्या कशालाही हात न लावता वरून काम करू शकत. शिवाय तशाच बनावटीचं यान ०१४ मागवलं. भाग काढायची पद्धत आधी त्याच्यावर करून बघायची आणि मगच ०१२ ला हात लावायचा. हजाराहून जास्त भाग असे एकेक करून निघाले. समितीचे अध्यक्ष नासाच्या लँगली केंद्राचे फ्लॉइड थॉम्पसन होते आणि अंतराळवीरांतर्फे फ्रँक बोरमन होते. एप्रिल १९६७ मध्ये अहवाल आला. पान्याचं एक सॉकेट यानातच राहून गेल्याचंही या तपासात आढळलं. आगीशी त्याचा संबंध नव्हता. पण आत नेलेलं प्रत्येक अवजार मोजून बाहेर आणलं जात नव्हतं, एवढं त्यातून कळलं.

दारापासून सुरुवात करतो, कारण तिथली चूक सर्वात सहज समजते. जुनं आतलं दार आत ओढून उघडायचं होतं. अवकाशात बाहेर निर्वात असते, आतला दाब दाराला चौकटीवर घट्ट दाबून धरतो आणि सील आपोआप पक्कं बसतं. कल्पना सोपी आणि हलकी. पण आतला दाब वाढला की तेच दार भिंत होतं. दार हजारेक चौरस इंचांचं धरलं, तर आत फक्त १ पीएसआय दाब जास्त असला तरी दारावर हजार पौंड, म्हणजे साडेचारशे किलो भार येतो. आग लागल्यावर आतला दाब २९ पीएसआयपर्यंत गेला होता, बाहेर १४.७. उरलेल्या चौदा पीएसआयचा भार सहा टनांच्या वर जातो. मधल्या आसनावरच्या व्हाइटने डोक्यामागे हात नेऊन रॅचेटच्या अवजाराने खिट्ट्या सोडवायच्या आणि मग दार आत ओढायचं, अशी रीत होती. सगळं सुरळीत असतानाही याला किमान ६० ते ९० सेकंद लागत. आतल्या दारावर उष्णतारोधक आवरणाचं दुसरं दार, त्यावर उड्डाणावेळच्या संरक्षक कवचाचं तिसरं. बाहेरच्या लोकांना ही तिन्ही उघडायला पाचेक मिनिटं लागली.

नव्या दारात आतलं आणि उष्णतारोधक अशी दोन्ही दारं एक केली आणि ते बाहेर उघडेल असं केलं. दाब आता दाराला चौकटीवर दाबत नाही, बाहेर ढकलतो. म्हणून दार धरून ठेवायचं काम खिट्ट्यांवर आलं. भोवतीने पंधरा खिट्ट्या, सगळ्या एकमेकींशी जोडलेल्या, आणि आतून एकच हँडल, पंपासारखं मागेपुढे करायचं. दार शंभरएक किलोचं, म्हणून उघडायला जोर मिळावा यासाठी दाबाखालच्या नायट्रोजनची बाटली बसवली. उघडायला वेळ सुमारे पाच सेकंद. स्फोटक बोल्ट वापरले नाहीत. १९६१ मध्ये ग्रिसमच्याच मर्क्युरी यानाचं स्फोटक दार समुद्रात उतरल्यावर अवेळी उडालं होतं आणि यान बुडालं होतं, हे कोणी विसरलं नव्हतं.

पण दार जड झालं, वायरींवर आवरणं चढली, नळ्या बदलल्या, आणि कुपीचं, म्हणजे अंतराळवीर बसतात आणि परत येतात त्या भागाचं, वजन साधारण ११,००० पौंडांवरून १३,००० पौंडांकडे गेलं. मग त्या वजनाला उतरतानाच्या छत्र्या (पॅराशूट) पुरेनात. सुरुवातीला वेग कमी करणाऱ्या दोन छोट्या छत्र्या मोठ्या केल्या. तीन मुख्य छत्र्या एका टप्प्याऐवजी दोन टप्प्यांत फुलतील असं केलं, म्हणजे दोऱ्यांना एकदम हिसका बसत नाही. त्यासाठी विमानातून वजनं टाकून नव्याने चाचण्या घ्याव्या लागल्या. यानाच्या बाबतीत एक गोष्ट ‘फक्त बदलली’ असं कधीच होत नाही.

हवेचा प्रश्न जास्त नाजूक होता. पॅडवर साधी हवाच का भरली नाही, असं वाटणं स्वाभाविक आहे. उड्डाणानंतर केबिनचा दाब ५ पीएसआयवर उतरतो. साध्या हवेत २१ टक्के ऑक्सिजन असतो, म्हणजे ५ पीएसआयला तो जेमतेम १ पीएसआय भरतो. पोशाखाला काही झालं तर त्यात माणूस शुद्धीवर राहणार नाही. त्याऐवजी ६० टक्के ऑक्सिजन आणि ४० टक्के नायट्रोजन घेतलं तर ५ पीएसआयला ऑक्सिजन ३ पीएसआय उरतो, म्हणजे जवळपास समुद्रसपाटीइतकाच. आणि जमिनीवर, १४.७ पीएसआयला, ऑक्सिजनचा दाब ८.८. पूर्वीच्या १६.७ च्या जवळपास निम्मा, शिवाय उष्णता शोषायला नायट्रोजन हजर. ६०-४० हा आकडा असा दोन्हीकडून चेपून निघाला आहे.

अंतराळवीरांच्या पोशाखात मात्र पॅडवरही शुद्ध ऑक्सिजनच ठेवला. रक्तात नायट्रोजन विरघळलेला असताना दाब झपाट्याने उतरला तर त्याचे बुडबुडे होतात, पाणबुड्यांना होतो तोच त्रास. म्हणून उड्डाणाआधी काही तास शुद्ध ऑक्सिजनवर श्वास घेऊन शरीरातला नायट्रोजन बाहेर काढायचा. कक्षेत गेल्यावर केबिनमधला वायू थोडाथोडा बाहेर सोडत त्या जागी ऑक्सिजन येऊ द्यायचा, म्हणजे हळूहळू केबिनमध्येही तोच उरतो.

हा निर्णय कागदावर झालेला नाही. ह्यूस्टनला केबिनची पूर्ण आकाराची प्रतिकृती उभी केली, बॉइलरप्लेट १२२४. आत नवं सामान जसंच्या तसं बसवलं आणि तापणाऱ्या तारांनी वेगवेगळ्या जागी मुद्दाम आग लावली. कक्षेतल्या कमी दाबाला बहुतेक आगी आपोआप विझत. पॅडवरच्या दाबाला शुद्ध ऑक्सिजनमध्ये मात्र भरवसा वाटेना, सामान बदलूनही. तेव्हा कुठे, १९६८ च्या सुरुवातीला, पॅडवरच्या शुद्ध ऑक्सिजनला कायमची रजा मिळाली.

सामानाची यादी लांब आहे. नायलॉनच्या जागी बीटा कापड, म्हणजे टेफ्लॉन चढवलेलं काचतंतूंचं कापड. पोशाखाचा बाहेरचा थरही त्याचाच. वेल्क्रो पूर्ण काढता येईना, कारण वजनरहित अवस्थेत पेनसुद्धा कुठेतरी चिकटवावं लागतं. म्हणून छोटे तुकडे आणि मधे मोकळी जागा, आग एकावरून दुसऱ्यावर उडी मारणार नाही इतकी. जास्त दाबाच्या ऑक्सिजनच्या अॅल्युमिनियमच्या नळ्या काढून स्टेनलेस स्टीलच्या घातल्या. ग्लायकोलच्या नळ्यांच्या डाख दिलेल्या जोडांवर चिलखतासारखी आवरणं बसवली, कारण पाय लागून किंवा अवजार आपटून तेच जोड गळत. वायरींचे जुडगे झाकले, उघडे राहू दिले नाहीत. आणि मला विशेष आवडलेली गोष्ट: यंत्रफलकांवर छोटी छिद्रं ठेवली. फलकामागे आग लागली तर अग्निशामकाची तोटी त्या छिद्राला लावायची, फलक उघडत बसायचं नाही.

हे सगळं करताना दुसराच धोका उभा राहतो. यान ०१२ कंपनीकडून आलं तेव्हा ११३ महत्त्वाचे बदल अपुरे होते आणि नंतर आणखी ६२३ बदलांचे आदेश निघाले. इतक्या फेरफारांत यान नेमकं कोणत्या अवस्थेत आहे हेच कोणाला पूर्ण ठाऊक नसतं. आगीनंतर तर बदलांचा पूरच येणार होता. यानाची जबाबदारी जॉर्ज लो यांच्याकडे आली आणि जून १९६७ पासून त्यांनी बदलांना मंजुरी देणारं मंडळ चालवलं. दर शुक्रवारी दुपारी बैठक. रचनाकार, उड्डाण नियंत्रक, अंतराळवीर, कंत्राटदार सगळे समोर, आणि छोट्यात छोटा बदलही तिथूनच जायचा. जुलै १९६९ पर्यंत ९० बैठका झाल्या, १,६९७ बदल समोर आले, १,३४१ मंजूर झाले, ३५६ फेटाळले. मला ते ३५६ फार मोलाचे वाटतात. घाबरलेल्या संस्थेत सुरक्षिततेच्या नावाने आलेल्या बदलाला नाही म्हणायला धैर्य लागतं, आणि प्रत्येक अनावश्यक बदल म्हणजे चूक व्हायची आणखी एक जागा.

पॅडवरची व्यवस्थाही बदलली. आधी व्हाइट रूममध्ये, म्हणजे यानाच्या दाराला लागून असलेल्या खोलीत, पायऱ्या आणि अरुंद वळणं होती, तिथले मास्क तशा धुराला पुरे पडणारे नव्हते. आता माणूस यानात असेल तर रॉकेटमध्ये इंधन असो वा नसो, चाचणी धोकादायकच धरायची आणि बचाव पथक तयार ठेवायचं.

जून १९६८ मध्ये ह्यूस्टनच्या निर्वात कक्षात जो केर्विन, व्हॅन्स ब्रँड आणि जो एंगल हे तिघे नव्या बनावटीच्या यानात आठ दिवस राहिले. नवं दार परतीच्या उष्णतेला टिकतं का हे एप्रिलमध्येच, मानवरहित अपोलो ६ वर तपासलं होतं. ११ ऑक्टोबर १९६८ ला वॉली शिरा, डॉन आयसली आणि वॉल्ट कनिंगहॅम त्याच पॅड ३४ वरून अपोलो ७ मध्ये निघाले. जवळपास अकरा दिवस, पृथ्वीभोवती १६३ फेऱ्या, मुख्य इंजिन आठ वेळा चालवलं, आठही वेळा नीट चाललं. अडचणी आल्याच. काही खिडक्यांच्या सीलमधल्या सिलिकोनची वाफ काचेवर बसून त्या धुरकट झाल्या. थंड ग्लायकोलच्या नळ्यांवर दव जमून केबिनमध्ये पाण्याची थारोळी व्हायची, ती लघवी बाहेर टाकायच्या नळीने ओढून अवकाशात सोडावी लागली.

पाणी सगळीकडे जमू शकतं हे तेव्हापासून माहीत होतं. एप्रिल १९७० मध्ये अपोलो १३ ची वीज बंद ठेवावी लागली, केबिन गारठली आणि दव थेट यंत्रफलकांवर जमलं, त्यांच्या मागेही. परतीच्या आधी त्या ओल्या फलकांमधून वीज पुन्हा सोडली गेली. एकही शॉर्ट झाला नाही. त्या वायरींवर आणि जोडण्यांवर आगीनंतर चढवलेलं आवरण होतं.