किर्लोस्करवाडीतली तोफ

सांगलीहून पॅसेंजर निघाली की माधवनगर, नांद्रे, भिलवडी, आमणापूर आणि मग किर्लोस्करवाडी. दोन्हीकडे ऊस. भिलवडीला मामांना चहा हवा होता, पण चहावाला आमच्या डब्यापर्यंत पोचायच्या आत गाडी हलली. मामांची सगळी नोकरी लेथवर गेली. अंगठ्यात रुतलेला लोखंडाचा कीस अजून निळा दिसतो.

वाडी मला आवडते ती एका कारणासाठी. इतर ठिकाणी गाव आधी असतं आणि कारखाना नंतर येतो, इथे उलटं झालं. १९१० साली औंधच्या पंतप्रतिनिधींनी लक्ष्मणराव किर्लोस्करांना जागा दिली, तेव्हा इथे निवडुंग होता आणि साप. स्टेशनाचं नावही कुंडल रोड होतं. नांगर, कडबा कापायची यंत्रं बनायला लागली आणि त्यांच्याभोवती वस्ती उभी राहिली.

दुपारी एका मोकळ्या जागेवर पोरं फुटबॉल खेळत होती. एका बाजूला विटांचा गोल, दुसऱ्या बाजूला चपलांचा. गोलकीपरच्या लाल टी-शर्टवर तोफ होती. मामा थांबले.

“ही तोफ कसली रं छातीवर?”

“आर्सेनल हाय काका. लोगो हाय त्यो.”

“ते दिसतंय. पण तोफ का?”

पोराला माहीत नव्हतं. मला माहीत होतं, त्यामुळे माझी बडबड सुरू झाली. लंडनजवळ वुलिचला सरकारी तोफखाना होता, तिथे तोफा आणि दारूगोळा बनायचा. १८८६ साली तिथल्या डायल स्क्वेअर नावाच्या वर्कशॉपमधल्या कामगारांनी ही आर्सेनल फुटबॉल टीम काढली. पंधरा जणांनी सहा-सहा पेन्स काढले, डेव्हिड डॅन्स्किनने वर तीन शिलिंग घातले आणि बॉल आला.

“म्हंजे वर्गणी,” मामा म्हणाले.

वर्गणीच. लाल रंगसुद्धा मागून आणलेला. नॉटिंगहॅम फॉरेस्टकडून खेळलेले काही जण वुलिचला कामाला होते, त्यांच्या शब्दाखातर त्या क्लबने लाल शर्ट पाठवले. पुढे १९१३ मध्ये क्लब वुलिच सोडून उत्तर लंडनला गेला. तोफ मात्र सोबत नेली.

मँचेस्टर युनायटेडही १८७८ मध्ये न्यूटन हीथच्या रेल्वे डबे कारखान्यातल्या कामगारांनी सुरू केलेलं. जर्मनीत लेव्हरकुसेनला बायर कंपनीच्या सुमारे १७० कामगारांनी मालकांकडे चक्क अर्ज केला, तेव्हा १९०४ मध्ये क्लब निघाला. नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनच्या पीएसव्ही क्लबमधला ‘पी’ फिलिप्स कंपनीचा.

आणि हे सगळं जमलं कशामुळे, तर हाफ डेमुळे. १८५० च्या कायद्याने इंग्लंडच्या कापड गिरण्यांत बायका आणि पोरांचं काम शनिवारी दोनला थांबायला लागलं. हळूहळू बाकीच्यांनाही ती सवलत मिळाली. दोनला भोंगा, तीनला मॅच. तिकडे शनिवारी तीनची मॅच ही जुनी रीत आहे, ती इथून आली.

मामांना सगळ्यात जास्त पटली लंडनच्या वेस्ट हॅम क्लबची गोष्ट. १८९५ मध्ये थेम्स आयर्नवर्क्स या जहाज बांधणाऱ्या कारखान्यात टीम निघाली. बिल्ल्यावर दोन हातोडे, रिबिट मारायचे. कारखाना १९१२ मध्ये बंद पडला. हातोडे अजून आहेत.

आपल्याकडे नेमकं उलटं दिसतं, आणि ते मला खटकतं. महिंद्रा युनायटेडने २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली, आणि २०१० मध्ये टीम बंद. कंपनी जोरात, टीम नाही. पलीकडे कोल्हापुरात मात्र पाटाकडील, दिलबहार, खंडोबा या तालमींच्या टीम शाहू स्टेडियम भरवतात. तिथे मालक नाही, पेठ आहे. मालकाचा एक कागद पुरतो टीम बंद करायला, पेठ कोण बंद करणार?

मामा तोवर गोलच्या विटा नीट लावत होते. एक वीट तिरकी होती, लेथवाल्या माणसाला ते सहन होईना. गोलकीपर मात्र माझं सगळं ऐकत होता. तो जवळ आला. त्यांच्या बॉलची शिवण उसवली होती, आतला ब्लॅडर बाहेर डोकावत होता.

“काका, आम्हीबी नव्या बॉलची वर्गणी काढलीय.”

मामांनी पन्नासची नोट काढली, हातात तशीच धरून ठेवली आणि विचारलं, “पावती हाय का?”